बिनसोड्याची डाळ

रंगनाथ आचाऱ्यांच्या डाळीत सोडा नसतो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. असतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. यातली फक्त पहिलीच गोष्ट ठाऊक असलेला माणूस गावात एकच होता, आणि तो म्हणजे खुद्द रंगनाथ आचारी.

मी गावच्या सेवा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वडवणीच्या अलीकडचं कोरडवाहू गाव. सोसायटी कर्ज वाटायची, खत वाटायची, आणि दुष्काळात खताला गिऱ्हाईक नसलं की भांडी वाटायची. लग्नाकार्याला लोकांनी वडवणीहून भाड्यानं पातेली आणण्यापेक्षा सोसायटीनंच विकत घ्यावीत, असं कुण्या जुन्या चेअरमनच्या मनात आलं होतं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक लग्नाला, बारशाला आणि दहाव्याला मला पातेल्यांच्या मागोमाग जावं लागे. भांडी परत मिळेपर्यंत उठायची सोय नसे. माझी खुर्ची चुलीपासून जरा लांब, सावलीला असायची, आणि तिथून मी रंगनाथ आचाऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, वर्षानुवर्षं बघितलं.

आचारी म्हटलं की लोकांना जाडजूड माणूस हवा असतो. अण्णा झाऱ्यासारखे होते, दांडा लांब आणि वर डोकं. अंगात पांढरा सदरा आणि त्यावर लाल ठिपके. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरच्या बायकांना माहीत असतं. अण्णांनाही माहीत होतं, पण त्यांनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता.

"साबनात बी सोडाच असतोय, सेक्रेटरी. हळदीला त्येचा राग येतो. बघा, कशी लाल झाली."

लग्नाच्या आदल्या दिवशी ते यायचे ते सरळ पाण्यापाशी. टँकरचं असो, बोअरचं असो, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे, गालातल्या गालात खळखळवायचे आणि लांब थुंकायचे. मग निकाल द्यायचे. "जड हाय." किंवा, "लई जड हाय. ह्या पान्यात साबनाला फेस येत नसंल." आतून घरची बाई म्हणायची, "न्हाई येत की वो." मग अण्णा माझ्याकडे बघायचे, जसा काही तो फेस सोसायटीनं अडवून ठेवला होता. निकाल काहीही लागला तरी डाळ त्याच पाण्यात शिजायची, कारण दुसरं पाणी नसायचंच. पण ही तपासणी झाल्याशिवाय चूल पेटत नसे.

आता जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. लाकडं संपतात, पाहुणे येतात, अक्षता पडतात, आणि दाणा आपला दाण्यासारखाच राहतो. थोडा खाण्याचा सोडा पडला की मुकाट्यानं विरघळतो. आमच्या भागातले सगळे आचारी सोडा टाकतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. अण्णांना वाटायचं.

"डाळीला शिजू द्यावं लागतं," ते म्हणायचे. "सोडा टाकला की ती शिजत न्हाई, शरण येती."

याचा अर्थ अण्णांचं सोड्यासारख्या सगळ्याच पदार्थांशी वाकडं होतं असा नव्हे. तंबाखूला त्यांना चुना लागायचा, आणि तोही थोडाथोडका नाही. कुणाला गांधीलमाशी चावली की ते खिशातली चुन्याची डबी काढून बोट टेकवायचे. पोरांचं पोट बिघडलं की चुन्याची निवळी सांगायचे. सोसायटीची पातेली राखेनंच घासली पाहिजेत असा त्यांचा दंडक होता. साबणानं घासलेलं पातेलं ते परत पाठवायचे. बायकोनं पापडखार घालून केलेले उडदाचे पापड रोज खायचे. फक्त डाळीत सोडा नाही.

माझा पुतण्या तेव्हा बीडला सायन्सला होता. त्याला एकदा अण्णांना शहाणं करायची हुक्की आली. म्हणाला, "अण्णा, राख, चुना, पापडखार, सोडा, हे सगळे एकाच जातकुळीचे. पुस्तकात त्यांना आम्लारी म्हणतात. चुना चालतो तर सोडा का नाही?"

अण्णा तळहातावर चुना मळत होते. मळतच राहिले. "म्हंजी एकाच भावकीतले हायत म्हनतोस?"

"हो."

"मग झालं की. भावकीतल्या समद्यांनाच कुनी घरात घेतंय का बे?"

आमच्या भावकीची परिस्थिती पुतण्याला माहीत होती.

या हट्टाच्या मागे एक गोष्ट होती, आणि ती अण्णा प्रत्येक लग्नात सांगायचे. डाळीला उकळी यायच्या सुमाराला सांगायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला उठता यायचं नाही. त्यांचे उस्ताद नांदूरघाटचे. मोठं नाव. एका लग्नात वऱ्हाड लवकर टेकलं, डाळ शिजेना, आणि उस्तादांनी घाईत सोड्याची मूठ टाकली. डाळ शिजली, पण बुळबुळीत झाली. पंगतीतल्या एका बड्या पाहुण्यानं वाटी वर उचलून विचारलं, "उस्ताद, ही खायची का अंगाला लावायची?" सगळी पंगत हसली. उस्तादांनी पळी जिथल्या तिथं खाली ठेवली आणि चालू लागले.

"पुना मेला तरी हातात धरली न्हाई," अण्णा सांगायचे. "लोकाच्या रानात सालगडी म्हनून ऱ्हायला. त्येच्याएवढा आचारी. म्हनून म्या सांगून ठिवलंय. माझ्या डाळीत ज्या दिशी सोडा पडंल, त्या दिशी म्या बी पळी खाली ठेवीन."

हे ते घसा न ताणता, साध्या आवाजात बोलायचे. आणि खरं बोलायचे, यात कुणालाच शंका नव्हती. म्हणून तर गावाला एवढी काळजी घ्यावी लागत होती.

ती काळजी घेणारी मुख्य व्यक्ती म्हणजे अण्णांची बायको, सोजरकाकू. प्रत्येक लग्नात त्या लसूण सोलायला म्हणून चुलीपाशी बसायच्या. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या हिरव्या लुगड्याच्या पदराला टोकाशी कायम एक गाठ असायची. अण्णा भाजीच्या कढईकडे वळले की ती गाठ सुटायची, पातेल्यावरून हात फिरायचा आणि गाठ पुन्हा बसायची. हे सगळं इतकं सहज व्हायचं, की बघणाऱ्याला वाटावं, बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. थोड्या वेळानं अण्णा यायचे, पळीनं दाणा काढून बोटांत चिरडायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघा. शिजली का न्हाई? धीर पायजे."

मी मान डोलवायचो. चुलीपाशी असतील नसतील ते सगळे मान डोलवायचे.

सोडा सोसायटीच्या दुकानातूनच जायचा, त्यामुळे काकूंना माझ्यापासून काही लपवायची सोय नव्हती. एकदाच त्या आपणहून बोलल्या. "सेक्रेटरी, मानूस हट्टी हाय. पर त्येचा हट्ट बी राहिला पायजे आन लोकाचं प्वाट बी भरलं पायजे." एवढं बोलून त्यांनी पुडी गाठीत बांधली आणि गेल्या. नवराबायकोच्या नात्यावर मी यापेक्षा शहाणपणाचं काही ऐकलेलं नाही.

गावची विहीर होती तोवर या गाठीची गरज नव्हती. विहिरीचं पाणी गोड होतं आणि त्यात अण्णांची डाळ खरोखरच बिनसोड्याची शिजत असे. विहीर आटली आणि बोअर आले. एक बोअर आटला की दुसरा त्याहून खोल जायचा, आणि जेवढा खोल तेवढं पाणी जड यायचं. पाण्याची पातळी किती खाली गेली हे मोजायला सरकारी माणसं जीपमधून येत. मला काकूंच्या पदराची गाठ बघितली की कळायचं. ती दर उन्हाळ्याला मोठी होत होती.

मग ते सामुदायिक लग्नाचं साल आलं. पाऊस लागोपाठ हुकला होता. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतली, पण घरोघर मांडव घालायची कुणाचीच ऐपत उरली नव्हती. आमच्या चेअरमननी आजूबाजूच्या सोसायट्यांना गोळा केलं आणि सगळी लग्नं एकाच मांडवात लावायचं ठरवलं. आचारी कोण, हा प्रश्नच नव्हता. अडचण वेगळीच होती. सोजरकाकू गावात नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणाला शिरूर कासारला गेल्या होत्या.

जाताना त्या बंदोबस्त करूनच गेल्या. भांडी घासणाऱ्या गयाबाईला त्यांनी एका बाजूला घेतलं, सोड्याचा अंदाज सांगितला आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातली. पण एकावर विसंबून कसं चालेल? म्हणून त्यांनी मंडपवाल्या चाँदभाईलाही एका बाजूला घेतलं आणि तेच सांगितलं. त्यालाही शपथ घातली. दोघंही शब्दाची पक्की माणसं. एकमेकांना अवाक्षरानं बोलली नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी टँकर रिकामा करून गेला. अण्णांनी पाणी तोंडात घेतलं आणि लांब थुंकून टाकलं. मग म्हणाले, "ह्ये पानी न्हाई. ह्ये पातळ दगूड हाय." चार थोरली पातेली चढली. डाळ पडली, हळद पडली, जाळ लागला. मांडवात नवरदेवांच्या टोप्यांवरून भांडण लागलं होतं, ते मिटवायला मला जावं लागलं. त्यामुळे पुढचा प्रकार माझ्या पाठीमागे घडला.

अण्णा भाजीकडे वळल्याबरोबर गयाबाईनं चारही पातेल्यांतून हात फिरवला. पुढच्या खेपेला अण्णा लाकडं बघायला गेले, तेव्हा चाँदभाईनं फिरवला. मग चेअरमन आले. त्यांना काकूंनी काही सांगितलेलं नव्हतं, पण काकू दिसत नाहीत म्हटल्यावर जबाबदारीच्या भावनेनं त्यांनीही आपली पुडी मोकळी केली. सरकारी पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांचा हात जरा सढळ पडला.

मी टाकला नाही. पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही. मला चुलीपाशी यायला उशीर झाला एवढंच. पुडी माझ्याही खिशात होती.

मी आलो तेव्हा गयाबाई ओरडत होती, "अगं बया! हळदीचं कुंकू झालं!" चारही पातेली फेसाळून काठावरून उतू जात होती, आणि आतली डाळ पिवळी राहिली नव्हती. विटेसारखी लाल झाली होती.

अण्णा आले. फेस बाजूला करून त्यांनी पळीनं थोडी डाळ घेतली, बोटांत चोळली. ती बोटांवरून साबणासारखी घसरली. त्यांनी जिभेला लावली. मग पळी उपरण्यानं पुसली, आणि खाली ठेवली.

मांडवात सनई चालू होती, ती उगीचच फार मोठ्यानं ऐकू यायला लागली.

"कुनी टाकला?" अण्णांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

गयाबाई रडायलाच लागली. "म्या टाकला, अण्णा. पर सोजरबाईनी सांगितलता तेवढाच."

"न्हाई न्हाई," चाँदभाई म्हणाला, "तिचा काय दोष न्हाई. सोजरभाभीनं मला सांगितलतं. मीच टाकला."

मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले. चेअरमन टोपी काढून म्हणाले, "थोडा माझा बी हाय. सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न होता."

अण्णांनी त्यातलं एकच नाव ऐकलं होतं. "सोजरनं?" ते म्हणाले. मग गयाबाईला म्हणाले, "कवापसून?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आपली हीर आटली तवापसून."

अण्णा उलट्या टोपलीवर बसले. विहीर आटल्यापासून गावात किती लग्नं झाली, ते मनात मोजत असावेत. प्रत्येक लग्नात त्यांनी ती उस्तादांची गोष्ट सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी आम्ही मान डोलवली होती. मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्या जणांनी मिळून एका माणसाचा मान राखला होता, आणि तो एका सकाळीत आम्हीच मिळून उतरवला होता.

चेअरमन हळूच म्हणाले, "अण्णा, नवी डाळ टाकू."

"पानी कुठाय?" अण्णा म्हणाले. टँकर आता दिवस मावळल्याशिवाय येणार नव्हता, आणि मांडवाबाहेर वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागून एक येऊन लागत होत्या. शिजलेलं ओतून द्यावं, तर नवऱ्यामुलींच्या बापांनी पाहुण्यांपुढं काय ठेवायचं?

अण्णांनी खाली ठेवलेल्या पळीकडे बघितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पळी ठिवायची तर हीर आटली तवाच ठिवायला पायजे हुती. आता लई उशीर झाला." वाकून त्यांनी ती उचलली. "चिंच आना. गावात असंल तेवढी."

आमच्याकडे पाणी नसतं, पण चिंच असते. घराघरांतून गोळे आले. होतं तेवढ्या पाण्यात ती कोळली, आणि अण्णांनी पहिल्या पातेल्यात तो कोळ धारेनं सोडला. पातेलं असं काही फसफसून वर आलं, की गयाबाई मागे पळाली. अण्णा हलले नाहीत. पळी फिरवत राहिले. फेस चढला, थरथरला, बसला. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती लाल डाळ कडेनं पिवळी व्हायला लागली. पळी फिरेल तसा पिवळा रंग आतवर गेला. सदऱ्यावरच्या लाल डागाला लिंबू लावलं की तो पुन्हा पिवळा होतो, हे तेच, पण पातेलंभर मी पहिल्यांदा बघितलं.

"राग गेला तिचा," अण्णा म्हणाले. हळदीबद्दल म्हणाले, असं मी धरून चाललो.

मग भरपूर गूळ पडला, लसणाची फोडणी पडली, आणि बिनसोड्याच्या वरणाऐवजी चिंचेची आमटी पंगतीत गेली. लोकांनी पुन्हा पुन्हा मागितली. शेवटच्या पंगतीत एका म्हाताऱ्या पाहुण्यानं वाटी वर उचलली आणि आचाऱ्याला बोलवा म्हणून निरोप धाडला. मला उस्तादांची पंगत आठवली. अण्णांनाही आठवली असणार. पण गेले. पाहुण्यासमोर पळी घेऊन उभे राहिले.

"लई झ्याक झालीया," म्हातारा म्हणाला. "ह्यात टाकलंय तरी काय?"

हा प्रश्न अण्णांना जन्मभर विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या तोंडात तयार असायचं: काय टाकलंय ते सोडा, सोडा न्हाई. त्या दिवशी त्यांनी ते दिलं नाही.

"गावानं टाकलंय," ते म्हणाले. "मला बी आजच कळलं."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं शिरूर कासारला गेले. निमित्त नातवाच्या बारशाचं होतं, पण गावाचा जीव टांगणीला लागला. हा माणूस आता सोजरबाईला काय बोलणार, ती परत येणार का, आली तर पुन्हा चुलीपाशी बसणार का? गयाबाईनं तर जेवण सोडलं. काही दिवसांनी दोघं एकाच गाडीतून उतरली. अण्णांच्या डोक्यावर काकूंचं गाठोडं होतं.

काय झालं, ते काकूंनी गयाबाईला सांगितलं आणि गयाबाईनं गावाला. "कायबी बोलले न्हाईत. निस्तं एवढंच म्हनले, तू नसलीस की डाळीकडं कुनाचं ध्यान ऱ्हात न्हाई."

त्यानंतरचं पहिलं लग्न बघायला मी खुर्ची जरा पुढं सरकवून बसलो होतो. काकू लसूण सोलत होत्या. डाळीला उकळी आली. उस्तादांची गोष्ट सांगायची वेळ झाली, पण अण्णांनी ती सांगितली नाही. ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या जरा पानी बघून येतो." आणि मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथं पाण्याचा काही संबंध नव्हता, तिथं जाऊन खांबाकडे तोंड करून उभे राहिले. इकडं गाठ सुटली, हात फिरला, गाठ बसली. परत येताना अण्णा मोठ्यानं खोकले. सुना असलेल्या घरात सासरा खोकून आत येतो, तसे. मग दाणा चिरडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शिजली. धीर पायजे."

पुढं प्रत्येक लग्नात हे असंच चाललं. काकूंना आता घाई करावी लागत नव्हती. कधीकधी त्या गाठ सोडायच्या आधी आणखी एक लसूण सोलून घ्यायच्या. अण्णा उभे राहायचे. मला वाटतं, त्या दोघांचा सगळ्यात सुखाचा काळ तो असावा.

सोजरकाकू एका हिवाळ्यात गेल्या. थोडं दुखणं झालं आणि गेल्या. ऊसतोडीमुळे गाव निम्मं रिकामं होतं. त्या साली अण्णांनी एकाही लग्नाचं आमंत्रण घेतलं नाही. लोकांना वाटलं, आता पळी खाली ठेवली.

मीही रिटायर होऊन वडवणीला मुलाकडे राहायला गेलो. तिथं एका ओळखीच्या लग्नात जेवणाला वेळ होता, म्हणून जुन्या सवयीनं चुलीकडे गेलो, तर पातेल्यापाशी अण्णा. आणखी वाळले होते. सदऱ्यावरचे डाग तेवढे तसेच होते. मला त्यांनी पाहिलं नाही, आणि मी हाक मारली नाही. यजमानांचा मुलगा त्यांना घाई करत होता. "अण्णा, डाळ शिजंना कावून? सोडा टाका की थोडा."

"माझ्या डाळीत सोडा नसतो बे," अण्णा म्हणाले. "जा, पत्रावळ्या बघ."

मुलगा गेला. चुलीपाशी दुसरं कुणी नव्हतं. डाळीला उकळी आली होती. अण्णांनी खिशात हात घातला आणि हिरव्या लुगड्याचं एक टोक बाहेर काढलं. तेवढंच फाडून घेतलेलं, आणि त्याला गाठ. त्यांनी तोंड मांडवाकडे फिरवलं. पातेल्याकडे न बघता हातानंच गाठ सोडली, हात पातेल्यावरून फिरवला, गाठ पुन्हा मारली आणि ते टोक खिशात ठेवलं.

मग मोठ्यानं म्हणाले, "म्या जरा पानी बघून येतो."

मांडवाच्या मागं जाऊन ते खांबाकडे तोंड करून उभे राहिले. नेहमीएवढा वेळ उभे राहिले. आणखी एक लसूण सोलायला लागतो तेवढा वेळही त्यांनी जाऊ दिला. मग खोकत खोकत परत आले, आणि पातेल्यापाशी कुणीच नव्हतं.